दोनशे बारा हेक्टर ढग

देशाच्या नैसर्गिक संपत्तीची जी अधिकृत नोंद ठेवली जाते, तिच्यानुसार देशात इतकं जंगल आहे, इतकी शेतजमीन आहे, इतकं पाणी आहे आणि दोनशे बारा हेक्टर ढग आहे. जंगल, शेती आणि पाण्याचे आकडे दरवर्षी खाली-वर होतात. ढगाचा आकडा मात्र अकरा वर्षांत तसूभरही हललेला नाही. त्यामुळे साऱ्या नोंदीत सगळ्यांत विश्वासार्ह आकडा तोच मानला जातो.

हा ढग दूरसंवेदन कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर जन्माला आला. त्या टेबलावर बसणाऱ्या प्रतिमावाचकाचं वय सत्तेचाळीस, चष्म्याचा नंबर साडेपाच, आणि त्याची थोरली बहीण त्याला अजून बाळ्या म्हणते. ती म्हणते, तर आपणही बाळ्याच म्हणू.

बाळ्याचं काम असं. उपग्रह दर सोळा दिवसांनी डोक्यावरून जातो, सकाळी बरोबर साडेदहाला. कार्यालयाशी संबंधित असून साडेदहाची वेळ पाळणारा तो एकटाच. तो वरून फोटो काढतो, फोटोचे बारीक चौकोन पडतात आणि प्रत्येक चौकोनाला बाळ्याने आकडा द्यायचा. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे जंगल, तीन शेती, चार पडीक, पाच वस्ती, असं करत करत नऊ. नऊ म्हणजे ढग. खरं तर नऊ हा कबुलीजबाब होता: इथे काय आहे ते दिसत नाही, पुढच्या वेळी बघू. पण तसं लिहायला फॉर्मात जागा नव्हती, आणि कोणताही चौकोन रिकामा ठेवू नये असा नियम होता.

आता ताईची वाडी ज्या खोऱ्यात आहे तिथे ओढ्यावरून रोज सकाळी धुकं उठतं. नऊला भरतं, बाराला विरतं. साडेबाराला खोरं लख्ख असतं: पस्तीस घरं, एका खोलीची शाळा, लिंबाच्या बागा. पण साडेबाराला वर उपग्रह नसतो. बाळ्याने पहिल्या वर्षीचा पहिला फोटो पाहिला, पांढरा. दुसरा पाहिला, पांढरा. वर्षभर पांढरेच आले. तिथे आपली ताई राहते हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत कार्यालय फरक करत असे. त्याने वाडीला नऊ दिला आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, ‘तात्पुरते’. पुढच्या वर्षी नवी संगणक-प्रणाली आली. तिच्यात शेऱ्याचा रकाना घेतला गेला नाही. नऊ घेतला गेला.

अकरा वर्षं कुणाचं काही अडलं नाही, म्हणजे कार्यालयात कुणाचं अडलं नाही. मग एका दुपारी, डबा उघडता उघडता, बाळ्याचा फोन वाजला.

“बाळ्या, साकवाचा अर्ज परत आला रे.”

ओढ्यावर साकव हवा ही वाडीची जुनी मागणी. वाडी ओढ्याच्या एका काठाला. रस्ता, दवाखाना आणि उरलेलं जग दुसऱ्या काठाला. गेल्या पावसाळ्यात वाडीतला सुतार ओढा ओलांडताना वाहून गेला. परवानगी तेवढी आणा, लाकडी साकव मी स्वतः बांधून देतो, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता.

“काय म्हणतायत?” बाळ्याने विचारलं.

“थांब, वाचते. ‘प्रस्तावित साकव ढगात येत असल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही.’ हे ढग कोण रे? नवीन साहेब आलेत का?”

बाळ्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे तिच्याशी खोटं बोलणं त्याला जड जायचं. “बघतो,” तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. बघणं हीच त्याची नोकरी होती.

तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला.

“साहेब, त्या खोऱ्यातला नऊ काढायला हवा. तिथे वस्ती आहे.”

“कशावरून?”

“माझी बहीण राहते तिथे.”

“हे वैयक्तिक झालं. फोटोत दिसते?”

“बहीण?”

“वस्ती.”

“नाही दिसत. सकाळी धुकं असतं.”

“म्हणजे अकरा वर्षं आपण डोळ्यांत तेल घालून बघतोय आणि दर वेळी ढगच दिसतोय.” साहेब थांबले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. “अरे, ढग येतात आणि जातात असं आपण शाळेपासून ऐकतो. हा गेलाच नाही. हा साधा ढग नव्हे. हा स्थायी ढग आहे!”

कार्यालयाचा शिपाई एकोणीस वर्षं हंगामी होता. ढग एका वाक्यात स्थायी झाला.

महिन्याभरात परिपत्रक निघालं. तीन महिन्यांत साहेब परदेशी परिषदेत निबंध वाचून आले. जगात दुसऱ्या कुणाकडेही जागचा न हलणारा ढग नव्हता, त्यामुळे कुणाला प्रश्नही विचारता आले नाहीत. मानपत्र मिळालं. ज्याबद्दल मानपत्र मिळतं त्याचं संरक्षण करावं लागतं, म्हणून ढग संरक्षण विभाग उघडला गेला आणि बावीस पदं भरली गेली. संरक्षित ढगात बांधकाम, खोदकाम, धूर आणि मोठ्याने बोलणं यांना मनाई झाली. वाडीने साकवासाठी पुन्हा अर्ज केला तेव्हा तो नामंजूर होऊन आला, पण या वेळी वर ढगाचं चित्र असलेलं सुबक बोधचिन्ह छापलेलं होतं.

बाळ्या पुन्हा साहेबांकडे गेला. साहेब रागावले नाहीत. “तुझं समाधान होत नसेल तर प्रत्यक्ष पडताळणी कर,” ते म्हणाले. “नियमात आहे. फक्त उपग्रहाच्याच वेळी कर, म्हणजे तुलना करता येईल.”

म्हणून बाळ्या पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढा ओलांडून गेला आणि बरोबर साडेदहाला हातात फॉर्म घेऊन उभा राहिला. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, त्याचा दंड धरला होता.

“हे बघ घर,” दाजी म्हणाले.

“कुठे?”

“अरे, तू ओट्यावर उभा आहेस.”

बाळ्याने खाली पाहिलं. त्याला स्वतःचे बूटही दिसत नव्हते. फॉर्मात प्रश्न होता: ‘साडेदहा वाजता पाहणाऱ्यास काय दिसले?’

“लिही, घर दिसलं,” डावीकडून ताईचा आवाज आला.

“ताई, दिसत नाहीये ना.”

“मग मी काय आभाळातून बोलतेय का?”

“फॉर्मात ऐकू आल्याचा रकाना नाही गं.”

बाळ्या प्रामाणिक माणूस होता; पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्याने लिहिलं, ‘पांढरे. बाकी काही दिसले नाही.’ पण त्याचं मन ऐकेना. तो साडेबारापर्यंत ओट्यावर बसून राहिला, धुकं विरलं, आणि त्याने दुसऱ्या फॉर्मावर लिहिलं, ‘पस्तीस घरे, शाळा, लिंबाच्या बागा, ताई.’ मग ‘ताई’ वैयक्तिक वाटलं म्हणून खोडलं. दोन्ही फॉर्म त्याने सादर केले.

कार्यालयाने दोन्ही फॉर्म काळजीपूर्वक वाचले. एकात ढग, एकात वस्ती; दोन्हींवर सही एकाच विश्वासू कर्मचाऱ्याची. म्हणजे दोन्ही खरे. म्हणजे ढगात वस्ती आहे. ढगाची नोंद अकरा वर्षांपूर्वीची, वस्तीची नोंद परवाची. तेव्हा कोण कुणावर आलं हे सांगायला तज्ज्ञाची गरज उरली नाही. पस्तीस घरांना पस्तीस नोटिसा गेल्या: ‘आपण शासकीय ढगावर अनधिकृतपणे वास्तव्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.’

“आमच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे हे,” ताई फोनवर म्हणाली.

“त्यांच्या वेळी उपग्रह नव्हता, ताई,” बाळ्या बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग ताई हळूच म्हणाली, “सुनेला पाचवा लागलाय. ऐन पावसाळ्यात दिवस भरतील. ओढ्याला पूर असेल तेव्हा मी तिला कशी नेऊ, तेवढं सांग. बाकी तुमचं चालू दे.”

बाळ्या रात्रभर नीट झोपला नाही. सकाळी उठून त्याने नियमावली पहिल्यापासून वाचून काढली, आणि पान तीनशे आठवर त्याला वाट सापडली. नमुना सतरा, चूक-स्वीकृती पत्र. ज्याने मूळ आकडा दिला त्याने ‘चूक माझी’ असं लिहून सही केली की आकडा रद्द होत होता. संपूर्ण देशात हा नमुना आजवर कुणी मागितला नव्हता. तो छापून घ्यायला साहेबांची परवानगी लागली.

साहेबांनी कोरा नमुना स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवला. “कर सही. नऊ जाईल. अकरा वर्षांचे अहवाल, मानपत्र, बावीस जणांच्या नोकऱ्या, हे सगळं तुझ्या एका चुकीवर उभं होतं असं होईल, तेवढंच. आणि हो, मुख्य प्रतिमावाचकाच्या बढतीची फाईल आजच आलीय. नाव तुझंच आहे. घाई नाही, सावकाश विचार कर.”

“उद्या देतो,” बाळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बढतीचा हुकूम आला. बाळ्याने नमुना सतरा खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. लाज वाटत असतानाच त्याने नव्या खुर्चीची उंची नीट करून घेतली.

“झालं का रे?” ताई विचारायची.

“प्रक्रियेत आहे, ताई.”

ताईला ‘प्रक्रिया’ म्हणजे काहीतरी चालू असतं असं वाटायचं. ती म्हणायची, “बरं बाबा, तू आहेस म्हणून धीर आहे.”

दरम्यान वाडी हटवायला पथक गेलं. सरकारी पथक ते, सरकारी वेळेतच गेलं. साडेदहापासून साडेअकरापर्यंत त्यांनी धुक्यात घरं शोधली. एक अधिकारी गुरांच्या पाण्याच्या हौदात पडला. कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी खोकत होतं, एका म्हातारीने तर ‘कोण हवंय?’ असंही विचारलं. पण दिसलं कुणीच नाही. जेवणाच्या सुट्टीला पथक परत आलं आणि अहवाल गेला: ‘क्षेत्रात एकही इसम आढळला नाही. अतिक्रमण पूर्णतः हटलेले आहे.’ वाडी होती तिथेच राहिली आणि रिकामीही झाली. मास्तरांची बदली जिथे मुलं आहेत अशा शाळेत झाली. मंगळवारी येणारी नर्स यायची बंद झाली, कारण निर्मनुष्य भागात कुणी आजारी पडत नाही.

रिकामा, स्थायी आणि मानपत्रप्राप्त ढग नुसता पडून राहणं विकासाच्या दृष्टीने बरं दिसेना. तिथे ढग उद्यान झालं. लोकांना ढगात उभं राहता यावं म्हणून रस्त्यापासून ओढ्यावरून थेट खोऱ्यात जाणारा काचेचा पूल बांधला गेला. साकवाला जी परवानगी अकरा वर्षांत मिळाली नाही ती पुलाला अकरा दिवसांत मिळाली, कारण पूल ढगात बांधलेला नसून ढगासाठी बांधलेला होता. त्याचं दुसरं टोक ताईच्या लिंबाच्या बागेत टेकलं. तिथे उंच फाटक बसवून कुलूप लावलं. उद्यान नऊ ते बारा उघडं असे. बारानंतर ढगाच्या विश्रांतीची वेळ. फाटकावर पाटी होती: ‘ढगातून येणारे कोंबड्यांचे, भांड्यांचे व माणसांचे आवाज नैसर्गिक आहेत. प्रतिसाद देऊ नये.’

लोक लोटले. रविवारी पाय ठेवायला जागा नसे. पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी, ओढा दोन्ही काठ धरून वाहत असताना, मुख्य प्रतिमावाचक बाळ्या पुलावर ध्वनिवर्धक घेऊन दोनशे चाळीस माणसांना ढगाची शास्त्रीय माहिती देत होता. साडेदहा वाजत आले होते; पुलावर वाऱ्याने धुकं जरा विरळ होतं, फाटकापलीकडे मात्र दाट. तेवढ्यात फाटक आतून वाजलं.

“उघडा हो! पोरीला कळा येतायत!”

रखवालदाराने पाटी वाचली आणि प्रतिसाद दिला नाही. फाटक पुन्हा वाजलं. धुक्यातून आधी दाजींची टोपी दिसली, मग एक लाकडी खुर्ची, तिच्यात वेदनेने पिळवटलेली सून, आणि खुर्चीचा मागचा पाय धरलेली ताई.

“आत कसे आलात?” रखवालदार म्हणाला.

“आम्ही आत नाही आलो. आम्ही बाहेर चाललोय,” दाजी म्हणाले.

“आत आलाच नाहीत तर बाहेर कसे जाल?”

दाजींनी खुर्ची फाटकाला टेकवली आणि दम घेतला. तेवढ्यात ताईला भाऊ दिसला. “बाळ्या,” ती एवढंच म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही.

बाळ्याने ध्वनिवर्धक टाकला. “उघड ते फाटक! माझी ताई आहे ती! बाजूला व्हा हो, वाट द्या!”

फाटक उघडलं. वाट मात्र झाली नाही. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. फोन वर झाले. कुणीतरी म्हणालं, “आम्ही पण रांगेतच उभे आहोत.” एका बाईंनी विनंती केली की खुर्ची जरा मागे धुक्यात नेऊन पुन्हा आणाल का, पहिल्यांदा नीट आलं नाही. चाळीस पावलांचा पूल, पण पंचवीस मिनिटांत खुर्ची मध्यापर्यंतच पोचली. तिथेच काचेवर ताईने आपल्या लुगड्याचा पदर आडवा धरला आणि पोर जन्मली. खाली पुराचं पाणी धावत होतं. आई आणि पोर दोघीही वाचल्या, यात कार्यालयाचा काहीही हात नाही.

पोरीची जन्मनोंद झाली नाही. निर्मनुष्य क्षेत्रात राहणाऱ्या आईबापांना अपत्य होण्याची तरतूद नाही.

बाळ्या त्या दुपारी भिजल्या कपड्यांनी कार्यालयात गेला, खण उघडला आणि नमुना सतरावर सही केली. ‘चूक माझी’ हे त्याने दोनदा लिहिलं. एकदा रकान्यात आणि एकदा रकान्याबाहेर. साहेबांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं की, चूक दहा वर्षांहून जुनी असल्यास केवळ चूक करणाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येणार नाही. निदान एक प्रत्यक्षदर्शी हवा. तो नातेवाईक नसावा, कर्मचारी नसावा, आणि त्याने संबंधित जागी माणसं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावीत.

बाळ्याची खुर्ची गेली. आता तो तळमजल्यावर, जुन्या नकाशांच्या खोलीत बसतो. पण पुलाच्या नोंदवहीत त्या रविवारच्या दोनशे चाळीस जणांचे पत्ते होते, आणि ते त्याने उतरवून घेतले. सगळ्यांना त्याने हाताने पत्रं लिहिली. प्रत्येक पत्रासोबत तयार कागद जोडला: ‘त्या दिवशी मी ढगातून माणसे बाहेर येताना पाहिली.’ खाली नाव आणि सही, एवढंच करायचं.

एकोणीस उत्तरं आली. सात जणांनी कळवलं की त्या वेळी ते फोनमध्ये बघत होते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलं असं म्हणता येणार नाही. चौघांनी लिहिलं की सरकारी कागदावर सही करायची नाही, असा त्यांनी कानाला खडा लावून घेतलाय. एकाने आपण काढलेला व्हिडिओ नऊ लाख लोकांनी पाहिल्याचं कौतुकाने सांगितलं. एकाने पोरीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. बाकीच्यांनी विचार करून सांगतो असं म्हटलं. सही कुणीच केली नाही.

ताई एक दिवसाआड फोन करते. “आलं का रे कुणाचं?”

“नाही अजून.”

“दोनशे चाळीस माणसं होती ना रे?”

“होती, ताई.”

आता तुमचं. तुम्ही त्या रविवारी पुलाच्या मधल्या खांबाशी होतात. तुम्ही फोन वर केला नव्हता, उलट खुर्चीला वाट देण्यासाठी कठड्याला चिकटून उभे राहिलात, हे बाळ्याच्या लक्षात राहिलं. म्हणून सगळ्यांत पहिलं पत्र त्याने तुम्हाला लिहिलं. सरकारी पाकीट बघून तुम्ही ते न फोडता फ्रिजवर ठेवलंत, आणि त्यावर आता विजेचं बिल आणि दुधाचा हिशेब येऊन पडलाय. सही करायची मुदत शुक्रवारी संपते. हे एवढं सगळं वाचायला तुम्हाला वेळ मिळाला. तिथे तर एकच ओळ आहे, आणि तीही लिहून तयार आहे.